जुन्या कर्ण्यांचा जीर्णोद्धार

‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यांत फार दिवसांची आहे. कापसाच्या आणि धान्याच्या व्यापारानें या पेठेला जी बरकत आली, आणि १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादेकडे जाणारी आगगाडी गांवावरून धांवूं लागल्यावर जिला आणखी बळकटी आली, तिचें वर्णन या चार शब्दांत सांठविलेलें आहे. १९८१ सालच्या १ मे रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. सरकी काढण्याच्या जिनिंगांचा जुना गलबला हळूहळू मागें पडला, आणि बियाणांच्या जोडीला लोखंडी सळयांचा उद्योग तेथें वाढीस लागला. आज ठिकठिकाणचें भंगार जालन्यास येतें, भट्टींत वितळतें आणि घरबांधणीच्या सळया होऊन बाहेर पडतें. या भंगारांत मोडक्या सायकली असतात, नांगरांचे झिजलेले फाळ असतात, आणि मधून मधून एकादा जुना लाऊडस्पीकरही असतो. भंगारवाल्याच्या लेखीं त्यांत मोलाच्या वस्तु दोनच : मागचें जाड लोखंड आणि वेटोळ्याचें चिमूटभर तांबें. पुढचा कागदी पडदा तो अंगठ्यानें फाडून टाकतो.

परंतु त्या यंत्राचा आवाज म्हणून जो कांहीं होता तो त्या कागदांतच होता. लोखंड कोठलेंही चालतें. कागद मात्र एका विवक्षित कारखान्यांत, विवक्षित लगद्यापासून, विवक्षित जाडीचा केलेला असतो, आणि एकदां फाटला म्हणजे तसा दुसरा मिळत नाहीं. जुन्या स्पीकरांची दुरुस्ती करणाऱ्यांची सगळी अडचण या एका गोष्टींत आहे. यंत्रांत जें टिकाऊ तें मोलानें विकलें जातें, आणि जें नाशवंत त्यासाठींच यंत्र राखावयाचें असतें.

मराठींत या यंत्राला नांवें पुष्कळ आहेत. कर्णा हें मूळचें एका लांबलचक धातूच्या वाद्याचें नांव. तो देवळांत वाजे आणि फौजेबरोबरही वाजे. रुंद तोंडाचा पत्र्याचा ध्वनिवर्धक खेड्यांत आला तेव्हां लोकांनीं पंडितांची वाट न पाहतां त्याला हेंच नांव देऊन टाकलें. कोणी त्याला भोंगा म्हणूं लागले. ध्वनिक्षेपक हा शब्द मात्र लिहिणाऱ्यांनीं घडविला, आणि तो वक्त्यापुढच्या मायक्रोफोनलाही लावतात व मंडपाच्या खांबावर टांगलेल्या कर्ण्यालाही लावतात. याला कोणी गोंधळ म्हणेल. पण शास्त्रदृष्ट्या हा गोंधळ तितकासा वाईट नाहीं, कारण दोहोंची रचना एकच असूं शकते. स्पीकरच्या तारा अँप्लिफायरच्या मायक्रोफोनच्या जागीं जोडून त्याच्या पडद्यासमोर बोललें, तर तो मायक्रोफोनचें काम करतो. कचेऱ्यांतील साध्या इंटरकॉममध्यें ऐकण्याचें आणि ऐकविण्याचें अशीं दोन्ही कामें एकाच स्पीकरकडून करून घेत असत.

या यंत्राची कल्पना जुनी आहे. जर्मनींत वेर्नर सीमेन्स यानें १८७४ सालींच चुंबकाच्या फटींत हलणाऱ्या वेटोळ्याचें पेटंट घेतलें होतें, आणि इंग्लंडांत ऑलिव्हर लॉज यानें १८९८ सालीं ती कल्पना पुढें नेली. तथापि दुबळ्या विद्युत्प्रवाहाला बळ देणारा व्हॉल्व्ह तोंवर निघालेला नसल्यामुळें व्यवहारांत त्यांचा उपयोग झाला नाहीं. १९१५ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्नियामधील नापा या गांवीं पीटर जेन्सन हा डेन्मार्कहून आलेला कारागीर आणि एडविन प्रिडॅम या दोघांनीं वेटोळ्याला पडदा व पडद्यापुढें कर्णा जोडून मोठ्या सभेस ऐकूं जाईल असें यंत्र तयार केलें. त्याला त्यांनीं मॅग्नाव्हॉक्स, म्हणजे लॅटिन भाषेंत ‘थोर आवाज’, असें नांव दिलें. १९१९ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांचें सॅन डिएगो येथील भाषण हजारों लोकांनीं याच यंत्राच्या साह्यानें ऐकलें. पुढें १९२५ सालीं चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन इंजिनियरांनीं कर्णा अजिबात काढून टाकला. कागदाचा एक शंकु, त्याच्या अणकुचीला तारेचें हलकें वेटोळें, वेटोळ्याभोंवतीं चुंबक, आणि शंकूच्या काठाला लवचीक कड, एवढ्यावर त्यांनीं भागविलें. घरांतील रेडिओपासून संगीताच्या उंची पेट्यांपर्यंत आज जे स्पीकर दिसतात त्यांतील बहुतेक सर्व या शंकूचेच वंशज आहेत. कारागीर त्याला ‘कोन’ म्हणतात.

त्याचें काम कसें चालतें हें समजण्यास फारसें गणित लागत नाहीं. वेटोळ्यांतून गाण्याचा विद्युत्प्रवाह वाहूं लागला कीं तें चुंबकाच्या फटींत पुढें-मागें हलतें, त्याबरोबर कागद हलतो आणि कागदाबरोबर हवा. ही फट एक मिलिमीटरच्या आसपास असते, आणि तींत वेटोळ्याच्या दोन्ही अंगांना मोकळी जागा उरते ती जाड कागदाएवढी. तेवढ्यांत वेटोळ्यानें कोठेंही न घासतां सेकंदाला पन्नास वेळांपासून हजारों वेळां हालचाल करावयाची असते. त्याला मध्यावर धरून ठेवण्याचें काम मागच्या बाजूस चुण्यांचें कापड आणि पुढच्या बाजूस कड अशा दोघांचें. यांतील एक जरी ढिलें झालें तरी वेटोळें घासूं लागतें, आणि गाण्याच्या खालीं वाळू सरकल्यासारखा खरखराट ऐकूं येतो.

हिंदुस्थानांत हें यंत्र दोन वाटांनीं आलें. एक वाट रेडिओची. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. दुसरी वाट बोलपटाची. ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईस मॅजेस्टिक चित्रगृहांत लागला, आणि पुढच्याच वर्षीं प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. त्या काळच्या स्पीकरांत कायमचा चुंबक क्वचित् असे, कारण पुरेसा जोरकस आणि स्वस्त असा चुंबकाचा धातु उपलब्ध नव्हता. म्हणून चुंबकाच्या जागीं दुसरें एक मोठें वेटोळें घालून त्यांतून सतत वीज वाहवीत, आणि तेवढ्यापुरतें लोखंड चुंबक बने. याला फील्ड कॉईल म्हणत. रेडिओ-संचांत हेंच वेटोळें विजेतील गुणगुण गाळण्याच्याही कामीं येई, ही त्या रचनाकारांची काटकसर वाखाणण्यासारखी होती. परंतु या काटकसरीमुळें आजच्या दुरुस्ती करणाराची मोठी पंचाईत होते. कारण फील्ड कॉईल जळाली म्हणजे स्पीकर मुका होतो आणि त्याबरोबर सगळा संचही बंद पडतो. केसासारख्या बारीक तारेचे हजारों वेढे मोजून पुन्हां गुंडाळण्यावांचून मग इलाज नसतो.

जालना त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतें. हैदराबादेस एक खाजगी नभोवाणी केंद्र निघालें होतें, तें १९३५ सालीं संस्थानानें आपल्याकडे घेतलें. पुढें औरंगाबादेसही केंद्र झालें. १ एप्रिल १९५० रोजीं हीं दोन्ही केंद्रें ऑल इंडिया रेडिओकडे आलीं. व्यापाऱ्यांच्या दिवाणखान्यांत रेडिओ आला तरी भर चौकांत कर्णा लागणें ही गोष्ट संस्थानांत सोपी नव्हती. ‘गश्ती ५३’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या सरकारी हुकुमान्वयें परवानगीवांचून सभा घेण्यास तेथें बंदी होती. ब्रिटिश मुलुखांत याच सुमारास निराळें दृश्य दिसत होतें. नानिक मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’ या पेढीचे कर्णे व मायक्रोफोन काँग्रेसच्या सभांतून गाजत होते, आणि नेत्यांच्या त्या काळच्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर त्या पेढीचें नांव आजही वाचतां येतें. मराठवाड्यांतील माणसाला कर्ण्यावरून जाहीर भाषण मोकळेपणानें ऐकावयास मिळालें तें १७ सप्टेंबर १९४८ नंतर. तेव्हां या मुलुखांत जुना कर्णा हें केवळ करमणुकीचें साधन मानणें पुरेसें होणार नाहीं. सभास्वातंत्र्य आणि कर्णा हीं दोन्ही येथें जवळजवळ बरोबरच आलीं.

पुढचीं तीस-चाळीस वर्षें कर्ण्याचीं होतीं. राजूरच्या गणपतीची यात्रा, अंबडच्या मत्स्योदरी देवीचें नवरात्र, समर्थ रामदासांच्या जांब गांवची रामनवमी, लग्नें, निवडणुकी, तंबूंतला सिनेमा, यांपैकीं कांहींच कर्ण्यावांचून होईना. ग्रामपंचायतीच्या छपरावरूनही कर्णा बोलूं लागला, आणि १९६८ सालीं परभणीचें आकाशवाणी केंद्र सुरू झाल्यावर शेतीचे कार्यक्रम या भागास जवळून ऐकूं येऊं लागले. लाऊडस्पीकरवाला हा एक स्वतंत्र धंदा झाला : एक अँप्लिफायर, त्याला तो ‘मशीन’ म्हणे, एक मोटारीची बॅटरी, दोन कर्णे, आणि कर्ण्यांच्या मागें फिरकीनें बसणारीं दोन ‘युनिटें’.

एवढ्याशा बॅटरीवर यात्रेला पुरेल इतका आवाज कसा निघे, याचें उत्तर कर्ण्याच्या आकारांत आहे. पेटींतील कागदी स्पीकर आपल्याला मिळालेल्या विजेपैकीं शंभरांत एखादाच भाग ध्वनींत उतरवितो. बाकीची ऊब होऊन जाते. कर्ण्याचें अरुंद नरडें पडद्याला हवेवर घट्ट पकड मिळवून देतें, त्यामुळें हेंच प्रमाण वीस-पंचवीसपर्यंत जातें. पण या उधळपट्टीची किंमत दुसरीकडे चुकती करावी लागते. कर्णा जितका आंखूड तितके त्याचे खालचे स्वर लंगडे. मंडपांतील नेहमीच्या कर्ण्यांतून कीर्तनकाराचे शब्द शिवेपर्यंत पोंचत, पण मृदंगाची धूम त्याच्या पायाशींच राहत असे. जुन्या यात्रेची आठवण सांगणाऱ्यांच्या तोंडीं झांजा आणि निवेदनें फार येतात, मृदंग कमी येतो, याचें एक कारण हेंही असावें.

कर्ण्याची दुरुस्ती त्या मानानें सोपी. युनिटाचा पडदा राळेनें कडक केलेल्या कापडाचा किंवा तसल्याच पदार्थाचा असतो. तो वेटोळ्यासकट सुटा मिळतो व चार स्क्रू काढून बदलतां येतो. दिल्लीची अहुजा कंपनी १९४० सालापासून या धंद्यांत आहे, त्यामुळें त्या जातीचे सुटे भाग मिळण्यास फारशी अडचण पडत नाहीं. खरा त्रास असतो तो किरकोळ. माळ्यावर पडून राहिलेल्या कर्ण्याच्या नरड्यांत कुंभारीण माशी मातीचें घर करते, आणि मालक युनिट बदलतो, तारा बदलतो, मशीनवाल्याशीं भांडतो, पण आंत वाकून पाहत नाहीं. तारेच्या आंकड्यानें ती माती हलकेंच काढली म्हणजे अर्धा आवाज परत येतो. रात्रीं दहानंतर लाऊडस्पीकर लावूं नये असा नियम २००० सालीं देशभर झाला, मंडपांत कर्ण्यांची जागा मोठाल्या पेट्यांनीं घेतली, आणि कर्ण्यांचें ॲल्युमिनियम किलोच्या भावानें विकलें गेलें.

घरांतील पेट्यांचा, म्हणजे ज्यांना ‘हाय-फाय’ म्हणतात त्या स्पीकरांचा, इतिहास याहून नाजुक आहे, आणि जीर्णोद्धाराचा खरा प्रश्न तेथेंच उभा राहतो. फील्ड कॉईलची अडचण जपानांत मिशिमा यांनीं १९३१ सालीं शोधलेल्या मिश्रधातूनें दूर होऊं लागली. लोखंड, ॲल्युमिनियम, निकेल यांच्या त्या मिश्रणांत पुढें कोबाल्ट मिसळून अल्निको नांवाचा जोरकस चुंबक तयार झाला. १९५२ च्या सुमारास फिलिप्स कंपनीनें मातीच्या भांड्याप्रमाणें भाजून काढलेला फेराइटचा स्वस्त चुंबक बाजारांत आणला. तरी चांगले स्पीकर अल्निकोचेच असत, तोंच १९७८ सालीं आफ्रिकेंत झैरच्या शाबा प्रांतांत लढाई पेटली, कोबाल्टचे भाव भडकले आणि कारखानदारांनीं फेराइट पत्करला. जुन्या स्पीकरचा मागचा भाग उलटून पाहिला, तर लहान पेल्यासारखा अल्निको आणि जाड काळ्या चकतीसारखा फेराइट, यांवरून त्याचा काळ ढोबळ मानानें सांगतां येतो. नाण्यांवरून राजवट ओळखावी तसेंच हें आहे.

दुसरा मोठा फेरफार पेटीचा. १९५४ सालीं अमेरिकेंत एडगर व्हिलचर यानें पेटी पूर्ण हवाबंद करून आंतल्या हवेलाच स्प्रिंगसारखें वागविलें, आणि कपाटाएवढ्या पेटीचा खर्जाचा स्वर पुस्तकांच्या फळीवर मावेल अशा पेटींतून काढून दाखविला. यासाठीं पडद्याची कड फार मऊ असणें जरूर होतें. जुने स्पीकर कागदालाच चुण्या पाडून कड करीत; आतां कापड, रबर आणि पुढें फोम आला. फोम हलका, मऊ, स्वस्त. सर्व जगानें तो उचलला. पण हवेंतील ओलाव्यानें व प्राणवायूनें तो आंतून कुजतो. पंधरा-वीस वर्षांत बोट लावतांच त्याचा चिकट भुगा होतो. गंमत अशी कीं, त्याच्या आधींच्या पिढींतील चुण्यांच्या कागदी कडा साठ-सत्तर वर्षांनंतरही शाबूत असलेल्या आढळतात. नवें तें टिकाऊ ही समजूत या एका वस्तूच्या बाबतींत साफ खोटी ठरली.

आपल्याकडे परकीय चलनाच्या टंचाईमुळें विलायती पेट्या मोजक्याच आल्या. मर्फी, फिलिप्स, बुश यांच्या रेडिओंत आठ इंची किंवा लंबगोल स्पीकर असे, आणि बहुतेक घरांची उत्तम आवाजाची कल्पना त्यावरच बेतलेली होती. १९७० सालीं कलकत्त्यास सोनोडाइन निघाली. कॉस्मिक वगैरे देशी कंपन्यांच्या पेट्याही त्या व पुढच्या दशकांत घराघरांत दिसूं लागल्या. आखाती देशांतून परतणाऱ्यांनीं जपानी संच आणले. या सर्वांची आतां वयें झालीं आहेत. मुंबईचा चोरबाजार, लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली या ठिकाणीं त्यांचे भाग धुंडाळणारे लोक भेटतात.

मराठवाड्याच्या हवेंत या पेट्यांना जो जाच होतो तो समुद्रकांठच्यापेक्षां निराळा. मुंबईस गंज आणि बुरशी. जालन्याकडे चाळिसाच्या वर जाणारा उन्हाळा, पत्र्याचें छप्पर, धूळ आणि वाळवी. उष्णतेनें जुना डिंक तडकतो व वेटोळ्याचा वेढा सुटतो. झुरळें डिंकासाठीं कागद कुरतडतात. शिवाय लोखंडाच्या कारखान्याशेजारीं स्पीकर उघडणें म्हणजे आपण होऊन संकट ओढविणें होय. हवेंतला लोखंडाचा कीस चुंबकाच्या फटींत जाऊन बसतो आणि कितीही फुंकला तरी निघत नाहीं, कारण चुंबक त्याला सोडीत नाहीं. तो काढण्याची जुनी युक्ति म्हणजे चिकटपट्टी दुमडून फटींतून फिरविणें. घाई करणारा मनुष्य चुंबकच खोलून साफ करूं पाहतो. अल्निकोच्या बाबतींत हें घातक आहे. त्याच्या भोंवतींचें लोखंड दूर केलें कीं त्याचें बळ घटतें, आणि पुन्हां जोडल्यानें तें परत येत नाहीं.

कुजलेल्या फोमची कड बदलावयाची तर प्रथम जुना भुगा व डिंक नखानें, मग स्पिरिटच्या बोळ्यानें, कागदाला धक्का न लावतां काढावा लागतो. एका स्पीकरला दोन-दोन तास या एकाच कामाला लागतात. नंतर मधली टोपी सोडवून वेटोळें आणि चुंबक यांच्यामध्यें एक्स-रेच्या फिल्मच्या अरुंद पट्ट्या चारी बाजूंनीं सरकवितात, म्हणजे वेटोळें बरोबर मध्यावर राहतें. मग नवी कड चिकटवितात आणि डिंक वाळेपर्यंत हात लावीत नाहींत. पट्ट्या काढल्यावर बोटांनीं पडदा हलकेच दाबून कान जवळ नेला आणि काहीं ऐकूं आलें नाहीं, तर काम साधलें. टॉर्चमधील दीड व्होल्टचा एक सेल क्षणभर जोडला असतां पडदा बाहेर येतो कीं आंत जातो, हेंही पाहून ठेवतात. कारण दोन पेट्यांतील तारा उलटसुलट लागल्या तर एकाचा पडदा पुढें येतांना दुसऱ्याचा मागें जातो, आणि खर्ज नाहींसा होतो. आठ ओहमचा म्हणून लिहिलेला स्पीकर मीटरवर सहाच्या आसपास दाखवितो. त्यानें घाबरून तो जळाला असें समजणारेही पुष्कळ आहेत.

मतभेद सुरू होतो तो यापुढें. पडदाच फाटला असेल तर काय करावें? बाजारांत तयार नवा कोन मिळतो. चौकट व चुंबक जुने ठेवून तो बसवितां येतो, आणि बहुतेक दुकानांत हेंच करतात. याला ‘रिकोनिंग’ म्हणतात. स्पीकर वाजूं लागतो, गिऱ्हाईक खूष होतें. परंतु आठ इंची स्पीकरच्या कोनाचें वेटोळ्यासह वजन साधारणपणें दहा ते वीस ग्रॅम असतें. नवा कोन दोन-तीन ग्रॅमनें जड निघाला तरी आवाजाचें सगळें पारडें बदलतें. पेटी, जाळी, बिल्ला हीं जुनीं राहतात आणि आवाज दुसऱ्याचा येतो. देवळाच्या जीर्णोद्धारांत जुने कोरीव खांब काढून सिमेंटचे बसवितात व त्यावर तैलरंग फांसतात, त्यांतलाच हा प्रकार. जीर्ण झालेलें उचलून धरणें हा त्या शब्दाचा अर्थ आहे. जीर्ण तें फेंकून देणें हा नव्हे. ज्याला केवळ वाजणारी पेटी पाहिजे त्यानें खुशाल नवी घ्यावी, ती स्वस्तही पडेल.

जुना कागद वाचविण्याचीं साधनें कांहीं दुर्मिळ नाहींत. पतंगाचा झिरझिरीत कागद आणि पातळ केलेला पांढरा डिंक यांनीं फाटलेली जागा दोन्ही बाजूंनीं सांधतां येते, आणि त्याचें वजन नगण्य असतें. यांत विघ्न आणतात ते घाईचे उपाय : कोणी नखांचा रंग फांसतो, कोणी सायकलचें पंक्चर काढण्याचें सोल्यूशन. पहिल्यानें कागद ठिसूळ होतो, दुसऱ्यानें जड. पेटींतील कंडेन्सर मात्र वीस-तीस वर्षांत सुकतातच, ते बदलण्यास कोणाचीही हरकत नाहीं. तेथेंही मूळची किंमत धरून बदल करावा, आणि काढलेले भाग नांव-निशाणी घालून पेटींतच ठेवावे, म्हणजे पुढच्या दुरुस्ती करणाराला मूळचें काय होतें तें कळेल. पोथीचा संपादक गळलेल्या ओळीच्या जागीं स्वतःची ओळ घालून चूप बसत नाहीं, हा नियम येथेंही लागू आहे.

हा आग्रह नुसता हौशी लोकांचा हट्ट आहे असें म्हणतां येत नाहीं. मुंबईस १९९० सालीं जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांची एक संस्था स्थापन झाली. त्या व तशा संग्रहांत जीं जुनीं गाणीं सांठलेलीं आहेत, तीं ज्या काळीं मुद्रित झालीं त्या काळीं पांच हजार कंपनांपलीकडचा स्वर तबकडींत क्वचितच उतरे. त्यापलीकडे राही तो सुईचा खरखराट. आजचा तलखीचा छोटा स्पीकर तो खरखराट इमानेंइतबारें ऐकवितो. १९५० च्या सुमारचा आठ इंची कागद तो आपोआप गाळतो आणि गळा पुढें आणतो. अंबडला दत्तजयंतीचा संगीतोत्सव आहे, जुन्या गायकीचे कान तयार झालेले श्रोते त्या परिसरांत आहेत. त्यांच्यापुढें एकच तबकडी दोन्ही पेट्यांवर वाजविली तर हा फरक त्यांना सांगावा लागणार नाहीं. कोणता आवाज ‘खरा’, यावर ते वाद घालतील, आणि तो वाद घालण्यासाठीं निदान एक जुना कागद शाबूत असला पाहिजे.

तो राहतो किंवा जातो, याचा निकाल पुष्कळदां दिवाळीच्या साफसफाईंत लागतो. माळा उतरवितांना पेटी खालीं येते. फोमचा काळा भुगा गालिच्यावर सांडतो, घरांतील वडील माणूस म्हणतें कीं हिच्यावर अमुक एकाचें गाणें ऐकलें होतें, आणि तरुण माणूस ती सायकलवरच्या भंगारवाल्याच्या ताजव्यांत ठेवतो. चुंबक ताजव्याच्या लोखंडी पारड्याला घट्ट चिकटतो. त्याला ओढून काढण्यास दोन हात लागतात. लांकूड सरपणास जातें, तांबें निराळें होतें, लोखंड गाडींत पडून सळयांच्या कारखान्याकडे निघतें. अशा कारखान्यांतून भंगार उचलण्यासाठीं दोरखंडाला टांगलेलें लोखंडाचें मोठें तबक असतें. त्याच्या आंत तारेचें वेटोळें असतें. वीज वाहूं लागली कीं तबक चुंबक बनतें, आणि वीज तोडली कीं भंगार भट्टींत पडतें. ही रचना फील्ड कॉईलचीच आहे.